वेताळाचं वजन

मध्यंतरी आमच्या थोरलीचं एक चित्र परत आलं. पोस्टाने नव्हे, ईमेलवर. कॅनडातल्या गिऱ्हाइकाने फार सभ्य भाषेत लिहिलं होतं. चेहरा मनासारखा झाला आहे, चिलखतावरची नक्षी सुरेख आहे, पण हातातला हातोडा हलका वाटतो, तेवढं बघता येईल का? थोरलीने लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "आई, त्याला म्हणायचंय की हातोडा थर्माकोलचा आहे." आणि रडायलाच लागली.

बावीस वर्षांची घोडी हातोड्यासाठी रडते हे बघून मला आधी हसू आलं. मग कळलं की चार रात्री जागून काढलेलं चित्र होतं ते.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. दोन वर्षांपूर्वी मलाही ठाऊक नव्हता. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा एक खेळ आहे. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ साली काढला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एकजण गोष्ट सांगत जातो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, आणि पुढे काय घडणार ते फासा टाकून ठरतं. फासासुद्धा साधा नाही, वीस बाजूंचा. प्रत्येकाने आपलं पात्र आपणच रचायचं. लांब कानांचा एल्फ की बुटका दणकट ड्वार्फ, धंदा कुठला, ताकद किती, अक्कल किती, सगळं कागदावर आकड्यांत मांडलेलं. एकेक डाव वर्षानुवर्षं चालतो म्हणे. मग त्या पात्रावर माणसाचा जीव जडतो आणि त्याची तसबीर असावी असं वाटतं. अशा तसबिरी काढून देणाऱ्या जगभरच्या चित्रकारांत आमची थोरली एक. बी.कॉम. झाली आहे, दिवसा एका कर सल्लागारांकडे नोंदी करते आणि रात्री जेवणखाण उरकलं की ड्रॅगनवर बसलेल्या बायका काढते. परत आलेलं चित्र एका ड्वार्फ लोहारणीचं होतं.

मला चित्रकलेतलं काही कळत नाही. शाळेत एलिमेंटरीला बसले होते, तिथे स्मरणचित्रात बाजार काढायला आला तर सगळी माणसं पाठमोरी काढली, कारण चेहरे जमत नव्हते. पण वजन मला कळतं. पंचवीस वर्षं या घरात पाणी गाळून भरते आहे. मी चित्र नीट बघितलं. लोहारीण ताठ उभी, दोन्ही खांदे एका रेषेत, उजव्या हातात एवढा थोरला हातोडा आणि चेहऱ्यावर लग्नात फोटोला उभं राहिल्यासारखं हसू. म्हटलं, "हिने हातोडा उचललेलाच नाही. कुणीतरी हातात नुसता चिकटवलाय."

मग मी न्हाणीघरातली मोठी बादली काठोकाठ भरली, उजव्या हाताने उचलली आणि तिला म्हटलं, "काढ."

तुम्हीही एकदा आरशासमोर करून बघा. उजवा खांदा खाली ओढला जातो. धड डावीकडे कलतं, डावा हात आपोआप अंगापासून लांब जातो, तोल सावरायला. मान उलट्या बाजूला जाते. डाव्या कुशीत घडी पडते आणि उजवी कूस ताणली जाते. हसू तर राहतच नाही, ओठ मिटलेले असतात. तिने दोन मिनिटांत सगळं उतरवलं, कारण त्याहून जास्त वेळ मी बादली धरू शकत नव्हते. आणि वही पुढे केली तेव्हा मला खरं सांगायचं तर वाईट वाटलं. पोटाची वळी, गाऊनमधून दिसणारी, तिने दोन जाड रेघांनी काढली होती. मी म्हटलं, "हे एवढं दाखवायची काय गरज होती?" ती म्हणाली, "आई, ती वळी काढली नाही तर बादली रिकामी दिसते."

या वाक्यावर मी दोन दिवस विचार करत होते. कणीक मळताना, देवपूजेच्या भांड्यांना चिंच लावताना. पटलं शेवटी. पण राग पूर्ण गेला असं म्हणणार नाही.

तिला मी माझा जुना चांदोबा दाखवला. माहेरच्या माळ्यावर एक गठ्ठा अजून आहे, वाळवीतून वाचलेला. विक्रम-वेताळाची गोष्ट आणि तिच्यासोबतचं ते ठरलेलं चित्र आपल्या पिढीतल्या कुणाला सांगायला नको. अंधारी रात्र, राजाच्या हातात तलवार, खांद्यावर प्रेत. ते चित्र के. सी. शिवशंकरन यांचं, सही फक्त 'शंकर'. मद्रासच्या सरकारी कलाशाळेत शिकलेला हा माणूस १९५२ पासून चांदोबासाठी चित्रं काढत होता आणि २०२० साली वारला. लहानपणी माझं सगळं लक्ष वेताळाकडे असायचं. या वेळी राजाकडे गेलं. थोरली तर बोट ठेवून ठेवून बघत होती, ओझं कुठे पडलंय, पाय कसे टाकलेत. प्रेत बोलतं, प्रश्न विचारतं, उडून झाडाला लटकतं, हे सगळं आपण लहानपणी मुकाट मानलं, त्याचं कारण मला त्या दिवशी कळलं. ते प्रेत जड आहे हे आपल्याला आधीच पटलेलं असायचं.

काल्पनिक माणूस काढायचा तर खरा माणूस आधी बघावा लागतो. ऐकायला हे अगदी साधं आहे. पण थोरलीसारख्या मुली उलट्या बाजूने शिकतात. फोनवर दुसऱ्यांची चित्रं बघून आधी डोळे, मग केस, मग दागिने, मग चिलखत. खांद्याच्या वर सगळं देखणं, खांद्याच्या खाली बाहुली. हात जमत नाहीत म्हणून ते पाठीमागे बांधलेले किंवा बाहीत लपवलेले. मी माझी बाजारातली माणसं पाठमोरी काढली तसंच हे. यात मुलींचा दोष कमी आणि घराचा जास्त आहे असं माझं मत आहे. फुलं, कलश, मोर, रांगोळी काढणाऱ्या पोरीचं आपण चारचौघांत कौतुक करतो. माणसाचं अंग काढायला बसली की आपल्या पोटात गोळा येतो.

माझ्याही आला. ते आता सांगते.

बादलीनंतर ती पेटलीच. इंटरनेटवरून शिकून रोज सराव करू लागली. तिच्याकडून मला कळलं की या सरावाची एक रीत आहे. आधी तीस सेकंदांची चित्रं. तीस सेकंदांत नाक-डोळे निघतच नाहीत, फक्त अंगाचा झोक निघतो. पाठीचा कणा कुठे वळला, भार कोणत्या पायावर आहे, एवढंच. मग एक मिनिट, दोन, पाच, आणि शेवटी एखादं लांब चित्र. खोडरबर वापरायचा नाही. निकोलाइडीस नावाचे एक शिक्षक अमेरिकेत होते, त्यांचं यावरचं पुस्तक ते गेल्यावर १९४१ मध्ये निघालं आणि अजून मुलं त्यावरून शिकतात. अँड्र्यू लूमिस यांचं १९४३ चं पुस्तक तर तिने उशाशी ठेवलं आहे. त्यात अंगाची मापं डोक्याने मोजलेली आहेत. साधा माणूस साडेसात डोकी उंच, चित्रातला आदर्श माणूस आठ, आणि वीरपुरुष नऊ. मी म्हटलं, यात नवं काय, आपल्याकडे मूर्तिकार तालाने मोजतातच की. देवतांना नवताल, गणपतीला पंचताल. तिने उठून चक्क मला मिठी मारली, कारण तिची लोहारीण नेमकी पाच डोक्यांची होती.

सरावासाठी माणसं लागतात. घरात मी, हे, सासूबाई आणि धाकटा. धाकटा झोपलेला असतानाच स्थिर असतो, त्यामुळे वहीत तो कायम पालथा आहे. ह्यांना पेपर वाचताना काढलं तर पेपरच जास्त येतो. शेवटी ती चित्रकारांसाठी असलेल्या छायाचित्रांवरून काढू लागली, आणि ती माणसं अर्थातच उघडी असतात. कपड्याखाली सांधा कुठे आहे ते कपड्यावरून कसं कळणार?

पर्युषणाच्या आधी सासूबाई कपाट आवरत होत्या. वही त्यांच्या हातात पडली.

तो दिवस मी विसरणार नाही. सासूबाई ओरडल्या नाहीत. वही दिवाणखान्याच्या मधोमध टीपॉयवर ठेवली आणि सामायिकाला बसल्या. उठल्या तेव्हा म्हणाल्या, "हे या घरात नको." थोरलीने तोंड उघडलं आणि नको तेच बोलली. "आजी, आपण रोज बसदीत कुणासमोर हात जोडतो? ते काय कपड्यांत आहेत?"

मी तिला तिथल्या तिथे गप्प केलं. आणि आजही मला वाटतं की तो युक्तिवाद चुकीचा होता, म्हणजे थोरलीची बाजू खरी असूनही तो चुकीचा होता. आपल्या दिगंबर मूर्तीत नग्नता आहे ती सोडण्याची आहे. सगळं सोडलं, शेवटी वस्त्रही सोडलं. ती मूर्ती म्हणजे कुणा एका माणसाच्या अंगाचा अभ्यास नव्हे. तिला फुगलेले स्नायू नाहीत, शिरा नाहीत, वय नाही. चोवीस तीर्थंकरांचे चेहरे तर सारखेच घडवतात, ओळखायचं ते खाली कोरलेल्या लांच्छनावरून, बैल असेल तर आदिनाथ, सिंह असेल तर महावीर. त्या मूर्तीला आपल्या वहीच्या भांडणात ओढणं मला पटलं नाही.

पण बीज पडलं होतं. दिवाळीनंतर आम्ही कुंभोजला गेलो तेव्हा थोरली वही घेऊन बाहुबलींच्या अठ्ठावीस फुटी मूर्तीसमोर दीड तास बसली. मला वाटलं होतं काढून मोकळी होईल. तिच्याकडून ती मूर्ती निघेना. येताना गाडीत म्हणाली, "आई, त्यांचं वजनच सापडत नाही." भार दोन्ही पायांवर सारखा. कंबर कुठे झुकलेली नाही, खांदे सरळ, हात खाली सोडलेले पण अंगाला न टेकलेले, अंगावर वेली चढलेल्या. जिवंत माणूस असा उभाच राहत नाही, दोन मिनिटांत एका पायावर भार टाकतो. तिने घरी स्वतः कायोत्सर्गात उभं राहून बघितलं, मोबाइलचा गजर लावून. दहा मिनिटांत पोटऱ्या थरथरायला लागल्या. आणि बाहुबली वर्षभर उभे होते. मी तिला शब्द फोडून दाखवला, काय म्हणजे देह, उत्सर्ग म्हणजे सोडणं. ज्याने देहच सोडलाय त्याचं वजन तू कुठे शोधणार? शिल्पकाराने ते मुद्दाम काढून घेतलंय. आमच्या लोहारणीने मात्र काहीच सोडलेलं नाही, हातोडासुद्धा नाही.

हे सगळं सासूबाई मागच्या सीटवर डोळे मिटून ऐकत होत्या. झोपल्या नव्हत्या.

मग तिने कोल्हापूरच्या एका रविवारच्या वर्गाचा विषय काढला. तिथे समोर माणूस बसवून काढायला शिकवतात, महिन्यातून एकदा उघड्या अंगाने. सांगलीहून एस.टी.ने दीड तास. इथे मात्र घरात दोन तट पडले. ह्यांचं म्हणणं, फोटोवरून चाललंय ना, मग कशाला? नातेवाइकांत बोलबाला होईल. स्थळं बघायचे दिवस आहेत. मी ह्यांना दोष देत नाही. स्थळांची काळजी मलाही आहे.

पण मी तिच्या बाजूने उभी राहिले, आणि कारण सांगते. फोटोला भार नसतो. कॅमेऱ्याने तो क्षण आधीच सपाट केलेला असतो. समोर बसलेला माणूस श्वास घेतो, थकतो, त्याच्या पायाला मुंग्या येतात, आणि हे सगळं हातात उतरतं. दुसरं कारण थोडं रागाचं आहे. लंडनची रॉयल अकादमी १७६८ साली स्थापन झाली, संस्थापक सदस्यांत दोन बायका होत्या, अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर. योहान झोफनीने पुढे काही वर्षांत अकादमीच्या सदस्यांचं एक चित्र काढलं. सगळे पुरुष उघड्या मॉडेलभोवती जमले आहेत, आणि या दोघी? भिंतीवर टांगलेल्या दोन तसबिरी! बायकांना त्या खोलीत यायची परवानगी नव्हती ना. त्या अकादमीच्या शाळेत मुलींना मॉडेलवरून काढू द्यायला १८९३ उजाडावं लागलं, तेही मॉडेलच्या अंगावर वस्त्र ठेवून. म्हणजे सव्वाशे वर्षं बायकांनी फुलं आणि तसबिरी काढाव्यात, आणि मग पुरुषांनी म्हणावं की बायकांना मोठी चित्रं जमत नाहीत. आपल्याकडे त्यामानाने बरं होतं म्हणायचं. कोल्हापुरात जन्मलेले धुरंधर मुंबईच्या जे.जे.त शिकले, तिथेच शिकवलं, आणि त्यांची लेक अंबिका हीदेखील जे.जे.त शिकून चित्रकार झाली. घरातून कुणीतरी पाठीशी उभं राहिलं की होतं.

आणि जी बाई तिथे समोर बसते तिचंही मी विचारून घेतलं. वर्गात फोन बंद, फोटो काढायचा नाही, ठरावीक वेळाने विश्रांती, अंगावर घ्यायला चादर, मानधन रोखीने त्याच दिवशी. थोरली पहिल्या रविवारी परत आली तेव्हा मी विचारलं, कसं वाटलं? ती म्हणाली, "पहिली पाच मिनिटं लाज वाटली, मग खांद्याचं हाड सापडेना म्हणून लाज विसरले." ती बाई दुपारच्या सुट्टीत डबा खाताना थोरलीला आपल्या मुलाच्या दहावीच्या मार्कांबद्दल सांगत होती. 'न्यूड' नावाचा मराठी सिनेमा २०१८ साली आला होता, अशाच एका बाईवर. तेव्हा मी तो नावाला घाबरून बघितला नव्हता. आता बघितला.

मैत्रिणींनो, आपल्या घरात या छंदाचे इतरही प्रश्न येतात, ते कुणी सांगत नाही म्हणून मध्येच सांगून टाकते. ब्रश बघून घ्या. चांगले म्हणून मिळणारे पुष्कळसे ब्रश प्राण्यांच्या केसांचे असतात, सेबल म्हणजे मुंगसासारख्या एका प्राण्याच्या शेपटीचे केस, खारीचे केस, तैलरंगाला डुकराचे राठ केस. नायलॉनचे कृत्रिम ब्रश आता उत्तम मिळतात, तेच घ्या. काळ्या रंगात 'आयव्हरी ब्लॅक' किंवा 'बोन ब्लॅक' लिहिलं असेल तर तो हाडं जाळून केलेला, त्याऐवजी 'लॅम्प ब्लॅक' घ्या, ती काजळीच. अस्सल 'कार्माइन' लाल रंग किड्यांपासून करतात. जलरंगाच्या काही महाग कागदांना जिलेटिनचा हात दिलेला असतो. कोळशाच्या कांड्या मात्र वेलीच्या किंवा झाडाच्या डहाळ्यांच्या, त्यांचं काही नाही. सासूबाईंनी ही यादी ऐकून आमच्या घरातले दोन जुने ब्रश शोधून बाहेर ठेवले.

दुसरा प्रश्न अवघड आहे. ही पात्रं बहुतेक लढवय्यी. तलवारी, कुऱ्हाडी, पायाशी कवट्या. एकाने तर शत्रूचं मुंडकं हातात धरलेला वीर मागितला, पैसे दुप्पट. चित्रच तर आहे, असं म्हणून भागत नाही. यशोधर राजाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आईच्या आग्रहाखातर त्याने खरा कोंबडा नव्हे, पिठाचा कोंबडा मारला, आणि त्या संकल्पाचं फळ दोघांना किती जन्म भोगावं लागलं. मी थोरलीला ती गोष्ट पुन्हा सांगितली. पण तिनेच मला दाखवलं की यशोधरचरित्राच्या जुन्या सचित्र पोथ्या आहेत, आपल्याच लोकांनी लिहून, रंगवून घेतलेल्या. म्हणजे हिंसेची गोष्ट सांगायला आपले चित्रकार कचरले नाहीत. प्रश्न चित्र कशासाठी आहे याचा आहे, असं आम्ही दोघींनी ठरवलं. तलवार हातात असू दे, वार नको. मुंडक्याचं काम तिने नाकारलं. दुप्पट पैसे होते, मला थोडी चुटपुट लागली, खोटं कशाला बोलू.

सासूबाईंचं मन कशाने वळलं म्हणाल तर बैलाने. एका गिऱ्हाइकाला बैलाचं तोंड असलेला योद्धा हवा होता. थोरलीचं चित्र मुखवटा घातल्यासारखं दिसायला लागलं. सासूबाई जाता जाता थांबल्या आणि म्हणाल्या, "मान कुठाय बैलाची? आदिनाथांच्या गोमुख यक्षाला बघितलं नाहीस का कधी नीट?" सासूबाईंचं माहेर शेतकरी, बेंदराला बैल रंगवण्यात बालपण गेलेलं. त्यांनी हाताने दाखवलं की बैलाची मान डोक्याच्या मागून निघत नाही, ती खांद्यातूनच वर येते, वशिंडापासून, आणि गळ्याची पोळी खाली छातीपर्यंत लोंबते. थोरलीने शोधल्यावर आणखी एक कळलं, बैलाला गळ्याजवळचं हाड, आपलं हासळीचं हाड, नसतंच. माणसाचा हात बाजूला उचलला जातो तो त्या हाडाच्या आधाराने. मग बैलाची मान माणसाच्या खांद्यावर बसवायची तर ते हाड ठेवायचं की काढायचं? आजी आणि नात रात्री साडेदहापर्यंत यावर वाद घालत बसल्या होत्या. शेवटी हाड ठेवलं आणि पोळीखाली झाकलं. गिऱ्हाइकाला ते कळलंही नसेल. पण मान बसली.

आता यंत्र आलं आहे, चार शब्द लिहिले की दहा सेकंदांत बैलतोंड्या योद्धा तयार. थोरलीची कामं त्यामुळे कमी झाली आहेत, सरळ सांगते. पूर्वी महिन्याला पाच-सहा यायची, आता दोन आली तरी पुष्कळ. लोक मला विचारतात, मग आता कशाला शिकायचं रविवारी एस.टी.ने जाऊन? मी त्यांना उत्तर देत नाही, कारण ते पैशांबद्दल विचारतात आणि पैशांचं उत्तर माझ्याकडे नाही. कर सल्लागारांकडची नोकरी तिने सोडलेली नाही, सोडू नये असंच मी म्हणते. पण ती परवा बाजारातून आली आणि म्हणाली, "आई, ती कोथिंबीरवाली उठताना आधी उजवा हात गुडघ्यावर ठेवते, तिचा डावा गुडघा गेलाय." वीस वर्षं त्या बाईकडून भाजी घेते मी. माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. आता मी कोथिंबीर स्वतः वाकून उचलते.

लोहारणीचं चित्र दुसऱ्यांदा पाठवलं. खांदा ओढला गेलेला, धड कललेलं, ओठ मिटलेले आणि चिलखताच्या पट्ट्यावर कुशीत एक घडी. कॅनडाहून उत्तर आलं की आता ती माझी लोहारीण आहे. कूस माझी आहे हे मी ह्यांना सांगितलं, ते दोन दिवस हसत होते.

सध्या थोरली म्हाताऱ्या जादूगारणीच्या शोधात आहे. सासूबाई दुपारी पायरीवर बसून तांदूळ निवडतात, एकेक पोरकिडा हलक्या हाताने उचलून बाहेर कुंडीत ठेवतात. ही समोर वही घेऊन बसते. "आजी, दोन मिनिटं हलू नका." "हलू नको तर किडे काय तू उचलणार?" असं चालतं रोज. काल चित्र झाल्यावर त्यांनी वही मागून घेतली, चष्मा पुसला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"माझा खांदा एवढा वाकलाय?"

"हो, आजी."

"मग सूप जरा मोठं काढ," म्हणाल्या, आणि पुन्हा तांदळाकडे वळल्या.